सहजीवन

सहजीवन : दोन किंवा अधिक भिन्न जातींचे जीव एकमेकांच्या निकट शारीरिक सान्निध्यात दीर्घकाल राहत असल्यास त्या अवस्थेला जीवविज्ञानात सहजीवन असे म्हणतात. ‘सिंबायोसिस’ या पाश्चात्त्य संज्ञेचा हा मराठी पर्याय होय. अशा संबंधात भाग घेणाऱ्या जीवांना सहजीवी म्हणतात. संज्ञेची व्याप्ती किती धरावी, याविषयी मात्र दोन मते प्रारंभापासून आढळतात. व्यापक अर्थाने पाहता संबंध कोणाच्या हिताचा वा अहिताचा आहे, हा प्रश्न व्याख्येत येतच नाही व जीवोपजीवन (एका जीवाने दुसऱ्याच्या शरीरावर उपजीविका करणे) हाही सहजीवनाचाच एक प्रकार ठरतो. संकुचित अर्थाने दोन्ही जीवांना लाभ देणाऱ्या संबंधालाच सहजीवन म्हणतात. हा मतभेद केवळ शाब्दिक नाही. निसर्गातील संबंधांकडे पाहण्याची दृष्टी आणि त्यांवरून मानवी समाजाविषयी काढले जाणारे निष्कर्ष या दोहोंवर त्याचा परिणाम झालेला आहे.

शब्दाचा उगम : मूळ शब्द ग्रीक असून तो ‘सिन’ (सह) व ‘बिओस’ (जीवन) या दोन पदांपासून बनला आहे. ग्रीक भाषेत ‘सिंबिओस’ म्हणजे सोबत राहणारा, सोबती. पती वा पत्नी यांच्यासाठीही हा शब्द योजीत. मराठीतील ‘सहजीवन’ या शब्दाचीही स्थिती अशीच आहे. शास्त्रीय परिभाषेबाहेर तो मुख्यत्वे पतिपत्नींच्या एकत्र आयुष्यासाठी वापरला जातो व त्यात स्नेहाचा आणि परस्पर आधाराचा भाव गृहीत असतो. जीवविज्ञानात शिरण्यापूर्वी ही ग्रीक संज्ञा राज्यशास्त्रात आली होती. जर्मन विधिज्ञ योहानेस आल्टुझिउस याने १६०३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या लॅटिन ग्रंथात माणसांनी एकत्र येऊन समाज उभारण्याची व तो टिकविण्याची कला म्हणजेच राजनीती, असे प्रतिपादन केले आणि अशा रीतीने एकत्र राहणाऱ्यांना सहजीवी म्हटले. तथापि एकोणिसाव्या शतकातील वनस्पतिवैज्ञानिकांनी ही संज्ञा स्वीकारली, ती या ग्रंथावरून नव्हे. त्यांच्यापुढील अडचण वेगळीच होती.

पूर्वीची निरीक्षणे : भिन्न जातींच्या जीवांमधील संबंध माणसाला फार प्राचीन काळापासून माहीत होते. मगरीच्या उघड्या तोंडात शिरून तेथील जळवा टिपणाऱ्या पक्ष्याचा उल्लेख ग्रीक इतिहासकार हीरॉडोटस याने इ. स. पू. पाचव्या शतकात केला आहे. शेंगा धरणाऱ्या पिकांनी जमिनीचा कस वाढतो, हे थीओफ्रॅस्टस याने नोंदले असून रोमन कृषिग्रंथांतही त्याचा निर्देश आहे. महाराष्ट्रातील शेतकरी आधीच्या पिकामुळे पुढील पिकाला मिळणाऱ्या जमिनीच्या स्थितीला ‘बेवड’ म्हणतात व कडधान्याचा बेवड चांगला मानतात. या सर्व माहितीत कारणमीमांसा मात्र नव्हती. चार्ल्स डार्विन यांच्या १८५९ मधील ग्रंथाने ती मीमांसा आवश्यक केली. कारण एखाद्या जातीचा कोणताही अवयव केवळ दुसऱ्या जातीच्या हितासाठी निर्माण झाला असे सिद्ध झाल्यास आपला सिद्धांत कोसळेल, असे त्यांनी स्वतःच बजावले होते.

शैवाकांविषयीचा वाद : सहजीवनाची शास्त्रीय संकल्पना शैवाकांच्या (दगडफुलांच्या) अभ्यासातून जन्मास आली. खडकांवर व झाडांच्या सालींवर वाढणाऱ्या या करड्या, हिरवट वा पिवळसर वनस्पती महाराष्ट्रात सुपरिचित आहेत. गोड्या मसाल्यात घालतात ते दगडफूल म्हणजे शैवाकच होय. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शैवाक हा शैवले, कवके व शेवाळी यांच्यासारखाच वनस्पतींचा एक स्वतंत्र वर्ग समजला जाई. शैवाकाच्या छेदात दिसणाऱ्या हिरव्या कोशिका हे त्याचे स्वतःचेच अवयव होत, अशी समजूत होती. जर्मन वनस्पतिवैज्ञानिक आंटोन डे बारी (१८३१–८८) यांनी १८६६ मध्ये काही बुळबुळीत शैवाकांबाबत या समजुतीविषयी शंका व्यक्त केली. पुढच्याच वर्षी स्विस वैज्ञानिक झीमोन श्व्हेंडनर (१८२९–१९१९) यांनी शैवाक ही एक वनस्पती नसून कवक व शैवल या दोन वनस्पतींचा संयोग आहे, असा सिद्धांत मांडला. त्याच सुमारास रशियात फामिनत्सिन व बारानेत्स्की यांनी शैवाकातील हिरव्या कोशिका वेगळ्या काढून त्या स्वतंत्रपणे जगू शकतात, हे दाखविले होते.

श्व्हेंडनर यांनी या संयोगाचे वर्णन धनी व गुलाम यांच्या उपमेने केले. कवक हा धनी असून तो हिरव्या शैवलांना आपल्या तंतूंच्या जाळ्यात कोंडतो आणि त्यांच्याकडून अन्न तयार करवून घेतो, असे त्यांचे म्हणणे होते. शैवाकांच्या जातींचे वर्णन व वर्गीकरण करण्यात ज्यांनी आयुष्य वेचले होते त्या तज्ञांना हा सिद्धांत रुचला नाही. पॅरिसमध्ये काम करणारे फिनिश तज्ञ विल्यम नीलांडर यांनी त्यास अखेरपर्यंत विरोध केला, तर स्कॉटिश तज्ञ जेम्स क्रॉम्बी यांनी बंदिवान कन्या व जुलमी धनी यांची अद्‌भुतकथा म्हणून त्याची थट्टा केली. विरोधकांचा एक आक्षेप मात्र वजनदार होता. जीवोपजीवी आपल्या भक्ष्याला दुर्बल करतो. शैवाकातील शैवल तर पुष्ट व हिरवेगार दिसते. शिवाय उघड्या कातळावर, जेथे एकटे शैवल किंवा एकटे कवक सहसा तग धरू शकत नाही, तेथे शैवाक वर्षानुवर्षे जगते. मग या संबंधाला जीवोपजीवन कसे म्हणावे?

कवकाची बीजुके व शैवलाच्या कोशिका एकत्र वाढवून प्रयोगशाळेत शैवाक तयार करण्यात एर्न्स्ट श्टाल यांना १८७७ मध्ये यश आले. गास्तों बॉन्ये यांनी पुढील दशकात असे प्रयोग अधिक काटेकोरपणे केले व वाद हळूहळू शमला. शैवाकाला दिलेले शास्त्रीय नाव त्यातील कवकाचे समजावे, असा आंतरराष्ट्रीय संकेत आज आहे. कवकाच्या जोडीला फक्त एक शैवल वा नील-हरित सूक्ष्मजंतू असतो, हे समीकरणही पुढे अपुरे ठरले. टोबी स्प्रिबिल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये काही शैवाकांच्या बाह्य थरात आणखी एका वर्गातील यीस्टसारखी कवके असल्याचे दाखविले.

संज्ञेची निश्चिती : ‘धनी’, ‘गुलाम’, ‘जीवोपजीवी’ हे शब्द निर्णय आधीच देऊन टाकतात, ही अडचण दूर करण्यासाठी नव्या संज्ञांची गरज भासली. बेल्जियन प्राणिवैज्ञानिक प्येअर झोझेफ व्हान बेनेडेन (१८०९–९४) यांनी १८७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात प्राण्यांमधील संबंधांचे तीन प्रकार केले : दुसऱ्याच्या शरीराला धक्का न लावता त्याच्या अन्नातील वाटा घेणारे सहभोजी, परस्परांस उपयोगी पडणारे अन्योन्योपकारी व दुसऱ्याच्या शरीरावर जगणारे जीवोपजीवी. यांपैकी दुसऱ्या प्रकाराचे नाव तत्कालीन फ्रान्स व बेल्जियममधील कामगारांच्या परस्परसाहाय्यक मंडळांसाठी रूढ असलेल्या शब्दाशी जुळणारे होते. अशा प्रकारे समाजातील शब्द निसर्गाला लावण्यात आला.

जर्मन वनस्पतिवैज्ञानिक आल्बर्ट बेर्नहार्ट फ्रांक (१८३९–१९००) यांनी याउलट मार्ग धरला. दोन भिन्न जाती एकमेकींवर वा एकमेकींत राहत असतील, तर त्यांच्यापैकी कोणाची भूमिका काय हे ठरविण्यापूर्वी केवळ त्यांचे एकत्र राहणे दर्शविणारी संज्ञा हवी, असे म्हणून त्यांनी १८७७ मध्ये ‘सिंबिओटिसमुस’ हा शब्द सुचविला. पुढच्या वर्षी कासेल येथे भरलेल्या जर्मन निसर्गवैज्ञानिक व वैद्य यांच्या संमेलनात डे बारी यांनी ‘सिंबिओझे’ या विषयावर व्याख्यान दिले. ते १८७९ मध्ये स्ट्रॅस्बर्ग येथे पुस्तिकारूपाने प्रसिद्ध झाले. भिन्न नावांच्या, म्हणजेच भिन्न जातींच्या, जीवांचे एकत्र जगणे अशी सुटसुटीत व्याख्या त्यांनी केली. जीवोपजीवन हा सहजीवनाचा सर्वांत परिचित प्रकार होय, असे त्यांनी मानले व शैवाकांबरोबरच पाण्यावर तरंगणारे ॲझोला हे नेचे आणि त्याच्या पानांच्या पोकळीत राहणारा ॲनाबीना यांचे उदाहरण दिले. डे बारी यांनी आयुष्यभर बटाट्यावरील करपा, गव्हावरील तांबेरा यांसारख्या रोगांच्या कवकांचा अभ्यास केला होता. एकाच कवकाचे वर्तन पोषक वनस्पती, हवामान व वय यांनुसार किती बदलते, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. संपूर्ण हानी व संपूर्ण उपकार ही एकाच मालिकेची दोन टोके असून मधल्या अवस्था असंख्य असतात, हे ओळखूनच त्यांनी व्याख्येतून लाभहानीचा विचार वगळला होता.

शेती व वनविद्या : संज्ञा रूढ झाल्यावर दहा वर्षांच्या आतच सहजीवनाचे आर्थिक महत्त्व प्रत्ययास आले. शिंबावंत वनस्पतींना हवेतील नायट्रोजन मिळत असावा, असे झां बातीस्त बूसँगो यांच्या १८३८ मधील प्रयोगांवरून दिसले होते. परंतु इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड येथे लॉझ व गिल्बर्ट यांनी १८५७-५८ मध्ये केलेल्या अधिक काळजीपूर्वक प्रयोगांत तसे आढळले नाही. या विसंगतीचा उलगडा हेर्मान हेलरीगेल (१८३१–९५) यांनी १८८६ मध्ये बर्लिन येथे केला. निर्जंतुक वाळूत वाढविलेल्या ओटची वाढ त्याला दिलेल्या नायट्रेटाच्या प्रमाणात होते. वाटाणा मात्र अशा वाळूत एकतर उपाशी मरतो किंवा, शेतातील मातीचा अर्क दिल्यास, नायट्रेटाशिवाय जोमाने वाढतो व त्याच्या मुळांवर गाठी येतात. लॉझ व गिल्बर्ट यांनी माती भाजून घेतली होती. प्रयोग शुद्ध व्हावा म्हणून घेतलेल्या काळजीनेच त्यातील सूक्ष्मजंतू नाहीसे झाले होते. हेलरीगेल व त्यांचे सहकारी व्हिल्फार्ट यांचा सविस्तर वृत्तांत १८८८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी डच वैज्ञानिक मार्टिनस बायेरिंक (१८५१–१९३१) यांनी गाठींतील सूक्ष्मजंतू वेगळे केले. तूर, हरभरा, भुईमूग, सोयाबीन यांच्या बियांना पेरणीपूर्वी सूक्ष्मजंतूंचे संवर्धन चोळण्याची पद्धत या शोधातून निघाली. ॲझोलाचा हिरवळीचे खत म्हणून भातखाचरांत उपयोग करण्याची चीन व व्हिएटनाममधील जुनी प्रथाही याच तत्त्वावर आधारलेली आहे.

फ्रांक यांनी १८८५ मध्ये वृक्षांची मुळे व कवके यांच्या संयोगाला ‘मायकोऱ्हायझा’ (संकवक) हे नाव दिले. ट्रफल या खाद्य कवकाची लागवड करता येईल काय, हे पाहण्याचे काम प्रशियाच्या शासनाने त्यांच्याकडे सोपविले होते. लागवड साधली नाही, पण बीच, ओक इ. वृक्षांच्या मुळांची टोके कवकाच्या आवरणात असतात व त्या आवरणामार्फतच वृक्षांना जमिनीतील पाणी व पोषक द्रव्ये मिळतात, असा निष्कर्ष त्यांनी काढला. कवक म्हणजे रोग, अशी धारणा असलेल्या समकालीनांना तो पटण्यास बराच काळ लागला. नोएल बेर्नार यांनी १८९९ मध्ये आमराचे (ऑर्किडांचे) बी कवकाचा शिरकाव झाल्याशिवाय रुजत नाही, हे दाखवून दिले. या उदाहरणात वनस्पतीच कवकाकडून अन्न घेते. त्यामुळे कोण कोणावर जगते, हा प्रश्न पुन्हा उपस्थित झाला.

अलीकडील संशोधनाने डे बारी यांच्या सावध भूमिकेला पुष्टीच मिळाली आहे. नायट्रोजनाचे स्थिरीकरण न करणाऱ्या गाठींचा ऑक्सिजन-पुरवठा सोयाबीनचे झाड कमी करते व त्यामुळे त्यांतील सूक्ष्मजंतूंची वाढ खुंटते, असे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत आढळले. जमिनीत नायट्रोजन भरपूर असल्यास शिंबावंत वनस्पती गाठी फारशा येऊच देत नाहीत. अन्योन्योपकाराचा हा संबंध औदार्यावर नव्हे, तर देवघेवीवर व तिच्या नियंत्रणावर टिकतो.

प्राणी व शैवले : काही सागरी प्राण्यांच्या शरीरांत दिसणारे पिवळे व हिरवे कण ही स्वतंत्र शैवले होत, हे कार्ल ब्रांट यांनी १८८१ मध्ये स्पष्ट करून त्यांना नावे दिली. स्कॉटिश जीववैज्ञानिक पॅट्रिक गेडिस (१८५४–१९३२) यांनी त्याच सुमारास स्वतंत्रपणे हाच अभ्यास करून अशा शैवलांमुळे प्राण्याला ऑक्सिजन व अन्न मिळते, असे प्रतिपादिले. हेच गेडिस पुढे नगररचनाकार व समाजशास्त्रज्ञ म्हणून प्रसिद्धीस आले. मुंबई विद्यापीठात १९१९ मध्ये स्थापन झालेल्या समाजशास्त्र व नागरिकशास्त्र विभागाचे ते पहिले प्राध्यापक होते (१९१९–२४). नगर आणि त्याचा परिसर यांचा एकत्र विचार करण्याच्या त्यांच्या पद्धतीमागे जीवविज्ञानाचे हे शिक्षण होते.

सहजीवन मोडल्याने होणाऱ्या हानीचे ठळक उदाहरण म्हणजे प्रवाळ. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर १९२८-२९ मध्ये गेलेल्या ब्रिटिश मोहिमेचे प्रमुख मॉरिस याँग यांच्या मते शैवलांचे मुख्य कार्य प्रवाळातील त्याज्य द्रव्ये काढून घेणे हे होते. किरणोत्सर्गी कार्बनाच्या साहाय्याने १९५० नंतर केलेल्या प्रयोगांनी शैवलांनी तयार केलेले अन्न प्राण्याच्या ऊतकांत जाते, हे सिद्ध केले. समुद्राचे तापमान उन्हाळ्यातील नेहमीच्या कमाल पातळीपेक्षा सु. १° से. ने वाढून काही आठवडे तसेच राहिल्यास शैवले प्रवाळांबाहेर टाकली जातात व प्रवाळ पांढरे पडतात. ही स्थिती लांबल्यास ते मरतात. असे विरंजन १९९८ मध्ये जगभर झाले व त्यानंतर २०१०, २०१४–१७ आणि २०२३ पासून पुन्हा घडले. लक्षद्वीपच्या प्रवाळभित्तींना यांपैकी अनेक घटनांची झळ पोहोचली. महाराष्ट्रात मालवणच्या किनाऱ्याजवळ प्रवाळ आढळतात. सहस्रावधी वर्षे टिकलेला संबंध तापमानातील एवढ्याशा वाढीने तुटू शकतो.

कोशिकेचा उगम : सहजीवनाच्या कल्पनेचा सर्वांत दूरगामी विस्तार क्रमविकासाच्या क्षेत्रात झाला. वनस्पतींच्या कोशिकांतील हरितकणू ही मुळात बाहेरून आलेली नील-हरित सूक्ष्मजीवांची वसती होय, असे रशियन वैज्ञानिक कॉन्स्टंटीन मेरेश्कॉव्हस्की यांनी १९०५ मध्ये मांडले व सहजीवनातून नवे जीव उत्पन्न होण्याच्या प्रक्रियेला ‘सिंबिओजेनेसिस’ (सहजीवोत्पत्ती) म्हटले. फ्रान्समध्ये पॉल पॉर्त्ये (१९१८) व अमेरिकेत आयव्हन वॉलिन (१९२७) यांनी कलकणूंविषयी तसेच मत मांडले. कलकणू कोशिकेबाहेर वाढविल्याचा वॉलिन यांचा दावा टिकला नाही आणि ही सारी विचारसरणीच बराच काळ उपेक्षित राहिली. हरितकणू व कलकणू यांत स्वतःचे डीएनए असते, असे १९६२-६३ मध्ये दिसून आले. लिन मार्ग्यूलिस (१९३८–२०११) यांनी अनेक नियतकालिकांच्या नकारानंतर १९६७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात हा पुरावा एकत्र गुंफला. रिबोसोमी आरएनएच्या तुलनेने १९७५ नंतर हरितकणूंचे नील-हरित सूक्ष्मजंतूंशी व कलकणूंचे विशिष्ट सूक्ष्मजंतूंशी असलेले नाते प्रस्थापित झाले. आज हा सिद्धांत सर्वमान्य आहे. माणसाच्या श्वसनातील ऊर्जा ज्या कलकणूंत मुक्त होते, ते एकेकाळी स्वतंत्र जीव होते. येथे सहजीवन इतके पूर्ण झाले आहे की, कोणताही घटक आता वेगळा जगू शकत नाही.

अर्थाचा संकोच : डे बारी यांची व्यापक व्याख्या फार काळ निर्विवाद राहिली नाही. शैवाके, गाठी व संकवके ही उदाहरणे पाठ्यपुस्तकांतून वारंवार आल्यामुळे सहजीवन म्हणजे परस्परहित, असा अर्थ विशेषतः इंग्रजी भाषेत रूढ झाला व जीवोपजीवन हा त्याचा विरुद्धार्थी शब्द मानला जाऊ लागला. अमेरिकन जीवोपजीविविज्ञान संस्थेच्या एका समितीने १९३७ मध्ये मूळ व्यापक अर्थच ग्राह्य धरावा, अशी शिफारस केली. आज बहुसंख्य तज्ञ सहजीवन ही व्यापक संज्ञा व अन्योन्योपकार, सहभोजिता आणि जीवोपजीवन हे तिचे प्रकार, अशी व्यवस्था मान्य करतात. तरीही सामान्य व्यवहारात संकुचित अर्थच प्रचलित आहे.

सामाजिक विचारातील उपयोग : ‘जीवनार्थ कलह’ या कल्पनेचा आधार घेऊन समाजातील स्पर्धेचे समर्थन केले जात असताना सहकार्याच्या पुरस्कर्त्यांना निसर्गातील सहजीवनाचे आकर्षण वाटले. रशियन विचारवंत प्यॉटर क्रपॉटक्यिन (१८४२–१९२१) यांनी १८९० पासून लिहिलेले परस्परसाहाय्याविषयीचे लेख १९०२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. त्यांची बहुतेक उदाहरणे मात्र एकाच जातीच्या प्राण्यांमधील सहकार्याची असल्याने काटेकोर अर्थाने ती सहजीवनात मोडत नाहीत. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट पार्क यांनी नेमका उलट अर्थ घेतला. शहरात परस्परांवर अवलंबून असूनही परस्परांशी संवाद नसलेल्या माणसांचे जे एकत्र राहणे असते, ते सहजीवन. सामाजिक जीवन त्याहून निराळे, असा भेद त्यांनी १९३९ मध्ये केला. पुढे जे. सी. आर. लिक्लायडर यांनी १९६० मध्ये माणूस व संगणक यांच्या भावी संबंधाला अंजीर आणि त्याचे परागण करणारा कीटक यांचा दाखला देऊन हीच संज्ञा लावली. एका कारखान्याची त्याज्य द्रव्ये दुसऱ्याने कच्चा माल म्हणून वापरण्याच्या डेन्मार्कमधील कालुनबोर येथील व्यवस्थेला औद्योगिक सहजीवन म्हणतात.

भारतात १९५४ च्या पंचशील करारातील पाचव्या तत्त्वासाठी मराठीत ‘शांततामय सहजीवन’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. येथे परस्परप्रेम अभिप्रेत नसून भिन्न राज्यपद्धतींच्या राष्ट्रांनी संघर्षाविना शेजारी राहणे एवढाच अर्थ होता. या दृष्टीने तो डे बारी यांच्या अर्थाच्या अधिक जवळ येतो. पुण्यातील फर्ग्युसन महाविद्यालयातील वनस्पतिविज्ञानाचे प्राध्यापक शां. ब. मुजुमदार यांनी भारतीय व परदेशी विद्यार्थ्यांना एकत्र आणण्यासाठी १९७१ मध्ये स्थापन केलेल्या संस्थेला ‘सिंबायोसिस’ हे नाव दिले. शास्त्रीय परिभाषेतील हा शब्द महाराष्ट्रात सर्वतोमुखी झाला, तो प्रामुख्याने या नावामुळे.

निसर्गातील सहजीवनावरून समाजाने कसे वागावे याचा थेट नियम काढता येत नाही, असे या इतिहासावरून दिसते. गुलामगिरीची उपमा व अन्योन्योपकाराची उपमा या दोन्ही समाजातून निसर्गाला लावण्यात आल्या आणि तेथून नैसर्गिक सत्याच्या स्वरूपात समाजाकडे परत आल्या. दोन जीव एकत्र राहतात, हे निरीक्षण होय. त्यांपैकी कोणाला काय मिळते, कोणत्या परिस्थितीत मिळते व ती परिस्थिती पालटल्यास काय होते, हे प्रत्येक उदाहरणात प्रयोगाने ठरवावे लागते. शेतातील गाठी व समुद्रातील प्रवाळ यांचे रक्षण करावयाचे, तर हा भेद ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.